निळं आंतरदेशीय पत्र: धडपडणाऱ्या लेखकाच्या प्रेमासाठी

विशीतल्या, अजून कुठे न छापलेल्या लेखकाला मनातलं सांगायला टपाल खात्याचं हे पत्र फार चांगलं. किंमत २.५० रुपये. जागा मोजकी, त्यामुळे पाल्हाळ आपोआप गळतं आणि ‘तू मला आवडतेस’ हे तिसऱ्या घडीपर्यंत लांबवता येत नाही. कागद पातळ आहे. शाईपेनचा मजकूर मागे उमटतो, बॉलपेनच घ्या. डिंकाच्या कडेला बोटभर समास सोडा, नाहीतर उघडताना नेमकं शेवटचं वाक्य फाटतं. आत फोटो किंवा फूल घालणं नियमात बसत नाही. पिनकोडचे सहाही आकडे स्पष्ट लिहा. खरी उणीव एकच: उत्तर आलं नाही, तर पत्र पोचलं की नाही हेही कळत नाही. मजकुराची नक्कल वहीत उतरवून ठेवा, पुढे कथेला कामी येते.