पार्ट सगळे पास, जहाज रिजेक्ट: ‘बीगल’ जहाजाचं लाकडी मॉडेल बांधण्याचा ११ महिन्यांचा अनुभव

तीन नंबरचं बल्कहेड, म्हणजे मॉडेलच्या सांगाड्यातली एक फळी, एक मिलिमीटर बाहेर आलं होतं. हे कळायला मला बावीस दिवस लागले. अठरा वर्षं इन्स्पेक्शन केलेल्या माणसाला हे लिहिताना लाज वाटते, पण निवृत्तीनंतर कुणाला हा नाद लावून घ्यायचा असेल तर त्याने पैसे घालण्याआधी हे वाचलेलं बरं.

भोसरीत चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अठरा तपासणी विभागात. निवृत्तीनंतर पहिले चार महिने घरातल्या सगळ्या नळांचे वॉशर बदलले, ते संपल्यावर शेजाऱ्यांचे. शेवटी आमच्या हिने हात जोडले. “अहो, एका जागी बसून काहीतरी करायचं बघा.” पुतण्या जर्मनीहून येणार होता, त्याला किट आणायला सांगितलं. सगळं धरून मला ते सोळा हजारांच्या आसपास पडलं.

किट ‘एचएमएस बीगल’चं, प्रमाण १:६०. कंपनी युरोपातली. नाव सांगत नाही, कारण पुढे दोन तक्रारी आहेत. सगळे ‘बीगल’ घेतात ते डार्विनसाठी. मी घेतलं ते घड्याळांसाठी. १८३१च्या डिसेंबरात हे जहाज दुसऱ्या सफरीवर निघालं तेव्हा कप्तान फिट्झरॉयने त्यावर २२ क्रोनोमीटर चढवले होते, त्यातले सहा पदरच्या पैशाने. समुद्रावर रेखांश काढायचा तो वेळेवरून. घड्याळ चार सेकंद चुकलं की विषुववृत्तावर एक सागरी मैल चुकला. एकच घड्याळ असेल तर ते चुकतंय हे कळणार कसं? बावीस असली की एकमेकांची चहाडी करतात. आमच्याकडे एक गेज, म्हणजे मापाचं हत्यार, कॅलिब्रेशनला (अचूकता तपासायला) पाठवायचं तर तीन सह्या लागायच्या. असला कप्तान मला लगेच आपल्यातला वाटला.

१:६० म्हणजे काय ते आधी डोळ्यांसमोर आणा. साडेसत्तावीस मीटरचं जहाज सेहेचाळीस सेंटीमीटरचं होतं. सहा फुटी माणूस तीन सेंटीमीटरचा. मागच्या ज्या केबिनमध्ये डार्विनने पाच वर्षं काढली, नकाशाच्या टेबलावर झोळी टांगून तो झोपायचा, ती सुमारे दहा बाय अकरा फुटांची होती. माझ्या टेबलावर ती काडेपेटीहून थोडी मोठी आहे, आणि मागची डोलकाठी तिच्या आरपार जाते. फिट्झरॉयने सफरीआधी वरचा डेक मागे आठ इंच आणि पुढे बारा इंच उचलून घेतला होता. माझ्या मापात ते साडेतीन आणि पाच मिलिमीटर. खाली वाकून चालणाऱ्यांना त्याने केवढा आराम मिळाला असेल!

आता मुद्द्यावर येतो. या प्रकारच्या किटमध्ये मधोमध प्लायचा कणा असतो, त्याला खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक आडवी फळी, म्हणजे बल्कहेड, बसते. माशाच्या काट्यासारखं दिसतं. त्यावरून नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, मागपर्यंत लाकडाच्या पट्ट्या जातात आणि जहाजाचं पोट तयार होतं. मी काय केलं? व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं कॅलिपर, काढला. प्रत्येक बल्कहेड ड्रॉइंगशी ताडलं. सगळी दोन दशांश मिलिमीटरच्या आत. वहीत लिहिलं: पास. मग एकेक करून फेव्हिकॉलने चिकटवली.

खाच थोडी सैल होती. तीन नंबर चिकटवताना ते केसभर कललं आणि उजव्या बाजूला बाहेर आलं. सुटा पार्ट बरोबर, जोडणी चूक. नोकरीत हेच मी नव्या पोरांना शिकवत होतो, की प्रत्येक पार्ट टॉलरन्समध्ये (चालणाऱ्या फरकाच्या आत) असूनही असेम्ब्ली रिजेक्ट होऊ शकते. घरी आल्यावर अक्कल कुठे ठेवली होती देव जाणे.

इथे मोजायचं असतं ते वेगळंच. बल्कहेडच्या कडा सरळ असतात आणि जहाजाचं पोट वळलेलं, म्हणून पट्टी नीट टेकावी यासाठी कडा तासून तिरक्या कराव्या लागतात. पुढे आणि मागे तर खूपच. तपासायला एक लवचीक पट्टी घ्यायची, चार-पाच बल्कहेडांवरून आडवी धरायची आणि पाहायचं: कुठे उजेड दिसतो, कुठे पट्टी उचलली जाते. डोळ्यापेक्षा बोटाला लवकर कळतं. या कामाला व्हर्निअरचा काडीचा उपयोग नाही. मी ते तासणं दीड दिवसात उरकलं. आता विचाराल तर सांगेन, दहा दिवस द्या.

कारण चूक आज होते आणि दिसते महिन्याने. सातवी पट्टी लावताना नाळेजवळ टेंगूळ दिसलं. आधी वाटलं पट्टीच जाड असेल. मोजली, बरोबर होती. दुसरी लावली, तेच. मग सगळ्या बाजूंनी बॅटरीचा झोत टाकला तेव्हा खालच्या सहाही पट्ट्या तिथे उचललेल्या दिसल्या. त्या रात्री जेवताना बोललो नाही. “होडकं बुडालं वाटतं,” ही म्हणाली.

काढता येतं, हे त्यातल्या त्यात बरं. वाळलेला पांढरा गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने सैल होतो. ब्रशने सांध्यावर लावायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, पातळ पातं घालून हळूच उचकायचं. सहापैकी चार पट्ट्या वाचल्या, दोन तुटल्या. झटक्यात चिकटणाऱ्या गोंदाने लावल्या असत्या तर लाकूडच गेलं असतं. तो गोंद मी नंतर फक्त दोऱ्यांच्या गाठींना वापरला. लाकडावर त्याचा थेंब सांडला की तिथे पॉलिश शिरत नाही आणि पांढुरका डाग जन्मभर राहतो. एक तसा डाग डेकवर आहे. त्यावर मी बोट ठेवलंय, म्हणजे जहाजावरची छोटी बोट.

पट्ट्या वाकवायला बाजारात यंत्रं मिळतात, मी घेतलं नाही. गरम पाण्यात अर्धा तास भिजवायची आणि लाटण्याला रबरबँडने बांधून रात्रभर ठेवायची. (लाटणं नवीन आणलं. तो प्रश्न पहिल्याच दिवशी निकालात निघाला.) पट्टी जाडीच्या अंगाने वाकते, रुंदीच्या अंगाने जबरदस्ती केली तर पिळते. मधे पोट फुगलेलं आणि नाळेकडे निमुळतं, म्हणून एकाच रुंदीच्या पट्ट्या सगळीकडे बसत नाहीत; पुढे अरुंद कराव्या लागतात. प्रत्येक बल्कहेडच्या कडेची लांबी कागदाच्या पट्टीने घ्यायची, पट्ट्यांच्या संख्येने भागायची, तेवढी रुंदी तिथे ठेवायची. पट्टी निम्म्याहून अरुंद होऊ लागली तर तिथे दोनऐवजी एकच घालायची. सूचनापुस्तकात याबद्दल एक ओळही नाही, नुसते फोटो. ही पहिली तक्रार.

दुसरी म्हणजे, पोटाला पट्ट्यांचे दोन थर असतात, त्यातल्या वरच्या थराच्या पातळ पट्ट्या दोन वेगळ्या लाकडांच्या वाटाव्यात इतक्या वेगळ्या रंगाच्या निघाल्या. कंपनीला फोटो पाठवले, त्यांनी बदली पट्ट्या पाठवल्या, पण यायला सात आठवडे लागले. दरम्यान भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाऊन व्हीनिअरचे तुकडे पाहिले. सागवान भरपूर. पण सागाचे रेषे इतके ठळक, की या मापात ते दोरखंडासारखे दिसतात.

म्हणजे खऱ्या जहाजाला जे लाकूड सर्वांत चांगलं, ते मॉडेलला नको. मुंबईत जमशेटजी बोमनजी वाडियांनी मलबारच्या सागवानातून बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरलं; ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. ‘बीगल’ त्याच्याहून तीन वर्षांनी लहान, १८२०चं, वूलिचच्या गोदीतलं, आणि १८७०मध्ये मोडीत विकलं गेलं. ‘ट्रिंकोमाली’चे नकाशे ज्या ‘जावा’ जहाजातून मुंबईला निघाले होते ते अमेरिकनांनी १८१२च्या डिसेंबरात वाटेतच नष्ट केलं, म्हणून नकाशे पुन्हा पाठवावे लागले. मला सात आठवडे फार वाटले होते.

पाण्याखालच्या भागाला तांबं. असल्या जहाजांना चार फूट बाय चौदा इंचांचे पत्रे ठोकत. १:६० मध्ये ते वीस बाय सहा मिलिमीटर होतात. माझ्या किटमध्ये तांबं नव्हतं. रंगीत काचेच्या कामाला लागणारी पाव इंची तांब्याची चिकटपट्टी ऑनलाइन मिळते, तीच वीस-वीस मिलिमीटरला कापली. पाचशेच्या आसपास तुकडे लागले. बोटांचे ठसे दोन दिवसांत काळे पडतात, म्हणून रबरी हातमोजे घाला. आता आमच्या घरात दोन मतं आहेत. हिचं म्हणणं, चिंच-मीठ लावून एकदा लख्ख करून देते. माझं म्हणणं, जहाज पाच वर्षं समुद्रात होतं, देव्हाऱ्यात नव्हतं.

तोफा, होड्या, नांगर हे लवकर होतं, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. ओतीव धातूच्या पार्टांवरचा बर, म्हणजे कडेला राहिलेला जादा धातू, मात्र कानसेने काढा, नाहीतर रंग दिल्यावर चुगली करतो.

दोऱ्यांनी मात्र तीन महिने खाल्ले. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणणारे जाड दोर काळपट, कारण ते डांबरात भिजवलेले असत. शिडं आणि परबाणं (शिडं बांधायचे आडवे वासे) हलवणारे दोर फिके. उभ्या दोरांवर शिडीसारखे आडवे दोरे येतात, खऱ्या जहाजावर तेरा-चौदा इंचांच्या अंतराने, म्हणजे माझ्याकडे साडेपाच-सहा मिलिमीटरवर. प्रत्येक छेदावर एक गाठ, उलटसुलट दोन वेढ्यांची. साडेआठशेपर्यंत मोजल्या, मग मोजणं सोडलं. गाठ जोरात ओढली की उभे दोर आत खेचले जातात आणि शिडीची कंबर बारीक होते. माझी उजवीकडची पहिली शिडी तशीच आहे, नटीसारखी. मागे कागदावर रेषा मारून ठेवल्या, गाठी सैल मारल्या, शेवटी गोंदाचा थेंब दिला, तेव्हा पुढच्या सरळ झाल्या. दोरा आधी मेणावरून ओढून घ्या, नाहीतर तुसं उभी राहतात.

शरीराचं सांगतो, कारण आपल्या वयाला तेच महत्त्वाचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी भिंगाचा दिवा लागतोच. पैसे तिथे घाला, पट्ट्या वाकवायच्या यंत्रात नको. सलग पाऊण तासावर बसू नका. मानेने मला ऑगस्टमध्ये आठवडाभर घरी बसवलं, म्हणजे घरीच होतो, पण आडवा. अक्रोडाच्या लाकडाची धूळ घशाला लागते, मास्क हवाच. हात थोडा कापत असेल तर अडत नाही, मनगट टेबलाला टेकवून काम होतं. सकाळी चहाच्या आधी गाठी मारू नयेत, एवढं मात्र पाळा. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि गोंद वाळता वाळत नाही. जुलैत मी पट्ट्या लावणं बंद ठेवून नुसती तासकामं केली, तो निर्णय बरोबर ठरला.

वहीप्रमाणे एकूण ४३७ तास. हत्यारं, तांबं, दिवा, पॉलिश पेपर मिळून किटवर आणखी सात हजार.

लोक विचारतात, इंग्रजांचं जहाज कशाला, आंग्र्यांची गुराब, म्हणजे मराठा आरमाराचं लढाऊ जहाज, का नाही? प्रश्न रास्त आहे. पण कोकणातले मिस्त्री जहाज बांधत ते नजरेने आणि हाताच्या अंदाजाने. कागदावर माप नाही तर मी कशाशी ताडणार? तसं म्हटलं तर ‘बीगल’चंही सगळं कागदावर नाही. त्या सफरीवर मिडशिपमन (शिकाऊ नौदल अधिकारी) असलेल्या किंगने डेकची आणि केबिनची चित्रं काढली ती कित्येक दशकांनी, आठवणीतून. किटवाल्यांनी त्याच्या आधाराने आणि बाकी तर्काने भरलंय. हे कळल्यावर माझा दोन दशांश मिलिमीटरचा हट्ट जरा सैल झाला.

घ्यावं का? बसायची सवय असेल तर घ्या, पण तीन डोलकाठ्यांचं पहिलंच घेऊ नका. मी उलटं केलं. आता टेबलावर १:२४ची डोरी आहे, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या बाजूला मासेमारीला वापरायचे तसली सपाट बुडाची छोटी होडी. आठवड्याभराचं काम म्हणून आणली. पण हिला पट्ट्यांचा एकच थर, आतून-बाहेरून दोन्हीकडून दिसतो. ‘बीगल’च्या पहिल्या थरावर लांबी (पुटी) भरून, घासून, वरून दुसरा थर चढवला तेव्हा माझी पापं झाकली गेली. इथे लांबी भरायला जागाच नाही. तीन आठवडे झाले, अजून तासतोच आहे. व्हर्निअर कपाटात आहे. पट्टी धरतो, उजेडाकडे बघतो. काल डावीकडे पुढच्या फासळीवर अजून एक बारीक फट दिसत होती.