अर्ध्या युनिटची रेघ

गुंड्या आमचा बोका. वय ११, वजन ६ किलो २०० ग्रॅम, स्वभाव जमीनदाराचा. सात महिने झाले, त्याला मधुमेहासाठी दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांनी, ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन टोचतेय. इन्सुलिन कुठलं, साखर मोजायचं मीटर कुठलं यावर लोक भरभरून बोलतात. सिरिंजबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, आणि माझी झोप उडाली ती सिरिंजपायीच. म्हणून हा अभिप्राय सिरिंजचा : ०.३ मिलीची, १०० युनिटवाल्या (म्हणजे एका मिलीत १०० युनिट) इन्सुलिनसाठीची, मधे अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन कंपन्यांच्या वापरल्या, फरक एकोणीस-वीसचा.

सुरुवात केली ती १ मिलीच्या साध्या सिरिंजने. दुकानात इन्सुलिनची सिरिंज मागितली, त्यांनी ती दिली, मी घेतली. तिच्यावर दोन-दोन युनिटची एकेक रेघ. गुंड्याचा डोस होता एक युनिट. म्हणजे शून्य आणि पहिली रेघ यांच्या बरोबर मधे दट्ट्या थांबवायचा, तोही पहाटे, चष्मा शोधत. शंभर युनिटच्या इन्सुलिनमध्ये एक युनिट म्हणजे ०.०१ मिली. डोळ्यात घालायच्या औषधाचा एक थेंबसुद्धा याच्या कित्येक पट मोठा असतो. पहिले तीन आठवडे मी एक युनिट देतेय असं समजत होते. प्रत्यक्षात कधी पाऊण जात असेल, कधी दीड. दुपारची साखर एक दिवस ३६०, दुसऱ्या दिवशी १२०. डॉक्टरांना वही दाखवली तर त्यांनी आकड्यांकडे बघितलंच नाही. म्हणाले, "सिरिंज आणलीय का? भरून दाखवा." मी भरली. त्यांनी ती उजेडात धरली आणि नुसते हसले.

मग ही आली. ०.३ मिलीच्या बारीक नळीत ३० युनिट पसरलेले, त्यामुळे रेघा लांब लांब, आणि दोन रेघांमधे अर्ध्याची छोटी रेघ. माणसाला अर्ध्या युनिटने काय होतंय, असं वाटेल. पण एकावरून दीडवर जाणं म्हणजे डोस निम्म्याने वाढवणं. मांजराचा डोस वर-खाली करताना साधारण अर्ध्या युनिटचीच पायरी घेतात, आणि एक पायरी चढली की पाच ते सात दिवस थांबतात, कारण ग्लार्जिनचा खरा परिणाम स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. ती पायरी सिरिंजवर दिसतच नसेल तर कसला डोस आणि कसलं काय!

भरायची पद्धत सांगते, यातच खरी मेख आहे. बाटली उलटी धरायची, आधी दोन-तीन युनिट जास्त ओढायचं, नळीला टिचकी मारून बुडबुडा वर आणायचा, तो परत बाटलीत ढकलायचा आणि मग दट्ट्या हळूहळू वर सरकवत हव्या त्या रेघेवर आणायचा. वाचायची ती काळ्या रबराची सुईकडची कड. मी आठवडाभर मागची कड वाचत होते, हे अजून घरात सांगितलेलं नाही. अर्ध्या युनिटएवढा बुडबुडा डोळ्याला जेमतेम दिसतो, आणि तो राहिला की एक युनिटच्या डोसमधला अर्धा डोस गेलाच.

सुई ३१ गेजची, केसासारखी. मानेमागची कातडी चिमटीत धरून तंबू करायचा आणि त्याच्या बुडाशी टोचायचं. गुंड्या वाटीतून तोंडसुद्धा काढत नाही. मात्र सुईची लांबी बघून घ्या. ६ मिलीमीटरची आमच्या दाट केसांच्या बोक्याला पुरली नाही, दोनदा औषध केसांवरच सांडलं. कळलं कसं? वासाने. इन्सुलिनला जखमेच्या चिकटपट्टीसारखा औषधी वास येतो, बोटाला लागला की लगेच ओळखू येतो. ८ मिलीमीटरची घेतल्यापासून ते थांबलं. आणि हो, किती आत गेलं याचा अंदाज नसेल तर पुन्हा टोचायचं नाही. एक वेळ साखर चढलेली परवडते, चुकून दुप्पट गेलेलं परवडत नाही.

आता तक्रारी. पहिली छपाईची. स्पिरिट लागलेल्या बोटाने नळी धरली की रेघा पुसट होतात. ज्या वस्तूचा सगळा जीव त्या रेघांत आहे, तिची शाईच कच्ची! दुसरी खोक्याची. अर्ध्याच्या खुणांची आणि बिनखुणांची, दोन्ही खोकी जवळजवळ जुळी. मी घाईत एकदा बिनखुणांची उचलून आणली.

तिसरी तक्रार या सिरिंजची नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका दुकानाने मला बिनदिक्कत ४० युनिटवाल्या सिरिंजा बांधून दिल्या, वर "सगळ्या सारख्याच हो" हेही ऐकवलं. सारख्या नाहीत. १०० युनिटवालं इन्सुलिन त्या सिरिंजमध्ये दोनच्या रेघेपर्यंत भरलं की पाच युनिट जातात. अडीचपट! टोपण नारिंगीऐवजी लाल दिसलं म्हणून मुलीने हटकलं, "आई, ही आपली नाही." नाहीतर त्या रात्री काय झालं असतं याचा विचार मी करत नाही. साखरेच्या पाकाची बाटली तेव्हापासून फ्रिजवर कायमची आहे. साखर फार उतरून मांजर लडखडायला लागलं तर तो पाक हिरड्यांना चोळायचा आणि तडक डॉक्टरांकडे पळायचं.

सिरिंज नेमकी झाली तेव्हा कुठे मीटरचे आकडे बोलायला लागले. मीटर मांजरासाठी चालणारं घ्या. माणसांचं मीटर मांजराच्या रक्तात बहुधा खरी साखर असते त्यापेक्षा कमी दाखवतं. दीड युनिटवर असताना एका रविवारी दर दोन तासांनी कानाच्या कडेला टोचून तक्ता काढला : ३४२, २९८, २११, १४८, १६३, २४७, ३१८. सकाळचे ३४२ बघून माझा हात दोनच्या रेघेकडे वळत होता. डॉक्टरांनी अडवलं. डोस ठरतो तो तळावरून, म्हणजे मधल्या सगळ्यात खालच्या आकड्यावरून. तो साधारण ८० ते १५० मध्ये बसला तर डोसला हात लावायचा नाही, टोचण्याआधीची साखर कितीही टोचो. शिवाय मांजराची साखर नुसत्या भीतीनेही उसळते. दवाखान्यात गुंड्याची ४०० च्या वर गेली होती, त्याच संध्याकाळी घरी २३०.

पुढे तळ ७१ लागला, तेव्हा डॉक्टरांना फोन करून एकावर उतरलो. दीड महिन्यापूर्वी अर्ध्यावर. खरं सांगायचं तर या सिरिंजची किंमत आत्ता कळतेय. शून्यानंतरची पहिली छोटी रेघ, ०.००५ मिली. त्या जुन्या सिरिंजवर ही जागाच नव्हती. पातळ करून देऊ का, असं मी विचारलं होतं. ग्लार्जिन पातळ करायचं नसतं, त्याचा हळूहळू उतरायचा गुणच बिघडतो.

काही मांजरं इन्सुलिनशिवाय राहू लागतात म्हणे डॉक्टर. गुंड्या त्यातला निघेल की नाही हे पुढच्या तक्त्यावर ठरेल. तोवर मी नवीन खोकं आणून ठेवलंय, खुणा आहेत ना हे दुकानातच फोडून बघून. पाचपैकी चार तारे. एक कापला तो शाईसाठी.