साप आज मिळणार नाही, असं सांगणारं दुकान

पाच तारे, आणि त्यातले निदान तीन एका नकारासाठी.

लेकीला कॉर्न स्नेक, म्हणजे घरी पाळतात तो एक बिनविषारी साप, हवा होता. इंग्लंडमधल्या रेडिंगजवळच्या, फक्त सरपटणारे प्राणी विकणाऱ्या या दुकानात आम्ही गेलो आणि एक केशरी पिल्लू पसंत केलं. पैसे द्यायला गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "घरी पेटी चालू आहे का?" नव्हती. मग साप आज मिळणार नाही, म्हणाल्या. पिल्लाच्या डब्यावर लेकीच्या नावाची चिठ्ठी लावली आणि आम्हाला व्हिव्हेरियम म्हणजे सापाची पेटी, ऊब देणारी हीट मॅट आणि तिचं तापमान आवरणारा थर्मोस्टॅट देऊन घरी पाठवलं. काही दिवस पेटी रिकामीच चालवा. गरम बाजू तीस अंशांच्या आसपास, थंड बाजू चोवीसच्या आसपास, रात्रंदिवस टिकली की मापाचे फोटो पाठवा आणि मग या.

लेक हिरमुसली, पण मला हे मनापासून पटलं. सापाला शरीराची ऊब बाहेरूनच घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही. उलट थर्मोस्टॅटविना लावलेली मॅट त्याचं पोट भाजू शकते. माझ्या ऑफिसातल्या एकाला दुसऱ्या एका दुकानाने साप, पेटी, उंदीर सगळं एकाच फेरीत दिलं होतं. दुसऱ्याच दिवशी खायला घातलं आणि पिल्लाने ते ओकून टाकलं. इंग्लंडमध्ये 2018च्या नियमांनुसार पाळीव प्राणी विकायला परवाना लागतो आणि गिऱ्हाइकाला काळजीची माहिती द्यावीच लागते. पण माहितीपत्रक पिशवीत सरकवणं वेगळं आणि पेटीचं तापमान बघून मगच साप हातात देणं वेगळं.

पेटी देताना बाईंनी वायरसाठी पाडलेल्या भोकात पेन्सिल घातली. ती आरपार गेली. "पिल्लूही जाईल," म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे भोक बुजवून दिलं. सरकत्या काचांना कुलूपही लावायला लावलं. लपायला दोन जागा घ्यायच्या, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला, त्याही अगदी तंग. ऐसपैस गुहा सापाला नको असते. वेटोळं घातल्यावर अंग भिंतींना टेकलं की त्याला सुरक्षित वाटतं. लपायला एकच जागा असेल तर बिचारा ऊब आणि आडोसा यांतलं एकच काहीतरी निवडतो. तळाला अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा चांगला जाड घालायचा, कारण कॉर्न स्नेकला त्यात शिरायला आवडतं.

घरी आणल्यावर आठवडाभर हात लावायचा नाही, पाहुण्यांना दाखवायचा नाही, पाणी बदलण्यापुरतीच काच उघडायची. लेकीने काचेवर जुनी ओढणी टाकून ठेवली होती. मग पहिलं खाणं. गोठवलेलं उंदराचं पिल्लू वितळवून, कोमट पाण्यात ऊबदार करून, चिमट्याने आडोशाच्या तोंडाशी धरलं. आधी नुसती जीभ आत-बाहेर होत राहिली. मग नाक दिसलं, आणि पुढच्या क्षणी भुसा उडाला नि उंदीर आत गेला. त्यानंतरही दोन दिवस हाताळायचं नाही, हे लेकीने दारावर लिहून लावलं.

सगळ्यात उपयोगी पडलं ते सापासोबत मिळालेलं कार्ड: पिल्लू अंड्यातून कधी निघालं, कधी काय खाल्लं, कात कधी टाकली. ते स्वतःहून खातंय हे त्यावरून कळतं. कुठूनही साप घ्या, असं कार्ड मागाच.

शाकाहारी घरांसाठी एक: गोठवलेले उंदीर आमच्या फ्रीजरमध्ये ठेवायला सासूबाईंची तयारी नव्हती, आणि मला त्यांचं म्हणणं योग्य वाटलं. छोटा वेगळा फ्रीजर घेतला, तो गॅरेजमध्ये आहे. त्याची तजवीज साप घ्यायच्या आधीच करा.

एक तक्रार आहे. पेटीच्या संचात काचेला चिकटवायचा काट्याचा थर्मामीटर देतात. तो काचेजवळच्या हवेचं तापमान दाखवतो, साप जिथे बसतो तिथलं नाही. इतक्या काटेकोर दुकानाने हा संचात ठेवू नये. वायरवाला डिजिटल वेगळा घ्यावा लागला. एकूण खर्चात साप सगळ्यात स्वस्त निघाला, पेटी आणि सामानच महाग. शिवाय मोठेपणी हा चार-पाच फूट होईल आणि पंधरा-वीस वर्षं जगू शकेल, तेव्हा मोठी पेटी पुढे आहेच. हेही बाईंनी आधीच सांगितलं होतं.

भारतातून वाचणाऱ्यांनी हे तिकडे करू नये. नाग, धामण, अजगर यांना 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. घरात साप निघाला तर सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा.

दुकानात शनिवारी फार गर्दी असते. निवांत प्रश्न विचारायचे तर मधल्या वारी जा, आणि मुलांना आधीच सांगून ठेवा की पहिल्या फेरीत साप घरी येणार नाही.