पहिली रोड बाइक: नवी अल्युमिनियम की जुनी कार्बन?

पुतण्याला गोव्याची 70.3, म्हणजे हाफ आयर्नमॅन ट्रायथलॉन, करायची आहे. पोहून झाल्यावर 90 किलोमीटर सायकल, मग 21.1 किलोमीटर धावणं. बजेट बेताचं, म्हणून अडलाय: नवी क्लॅरिसवाली (शिमानोचा साधा, मागे 8 गिअरचा संच) अल्युमिनियम घेऊ की वापरलेली 105वाली (शिमानोचाच वरचा, 11 गिअरचा संच) कार्बन? त्याला माझं सांगणं असं.

खर्चात जुनी फसवते. चेन, कॅसेट (मागच्या चाकाची दातेरी चक्रं), टायर झिजलेले निघाले की वाचलेले पैसे तिथेच जातात. नवीला वॉरंटी असते.

टिकाऊपणात खरी मेख आहे. कार्बनचा तडा सहज दिसत नाही. बॉटम ब्रॅकेटजवळ (पेडलचा आस फ्रेममध्ये फिरतो तिथे) आणि सीटपोस्टच्या, म्हणजे सीटच्या दांड्याच्या, क्लॅम्पपाशी रंगावर केसाएवढी रेघ आहे का, ते उन्हात धरून बघ. नाण्याने टकटक करत जा. आवाज मध्येच बद्द झाला तर ती सोड, कितीही स्वस्त असो.

गिअर 8 की 11, सपाट रस्त्यावर फार फरक नाही. फ्रेमचा साइज मात्र चुकला तर पाठ आखडते आणि पुढचं धावणं संपतं. जुन्यात मिळेल त्या साइजचा मोह होतो, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

पारखायला जाणकार सोबत असेल आणि घाटात सराव करणार असशील, तर जुनी कार्बन घे. एकटा असशील, तर नवीच घे.