साठ हजारांत जुळवलेला गेमिंग संगणक: अकरा महिने आणि गोव्यातील साखळीचा एक पावसाळा

नोव्हेंबर २०२३ मध्ये सुटे भाग विकत घेऊन घरीच जुळवलेला माझा संगणक हे लिहिताना, ऑक्टोबर २०२४ मध्ये, अकरा महिने जवळजवळ रोज चालतो आहे. हा अनुभव पहिल्या महिन्यातच लिहिला असता तर त्यात केवळ फ्रेमचे (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचे) आकडे आणि खरेदीचा आनंद आला असता. मधल्या काळात एप्रिल-मेचा उकाडा आणि साखळीचा पूर्ण पावसाळा येऊन गेल्यामुळे माझे मत बरेच बदलले आहे. ज्या भागांवर मी दीड महिना काथ्याकूट केला, त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. जे काही निस्तरावे लागले ते बहुतेक विजेचे होते, आणि त्यासाठी मी यादीत एक रुपयाही धरला नव्हता.

मॉनिटर वगळून साठ हजारांच्या आत बसवायचे असे ठरवले होते आणि भागांचा हिशेब ५८,४०० रुपयांवर थांबला. कामानिमित्त मुंबईला जाणे झाले, तेव्हा प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घेतले आणि कोकणकन्या एक्स्प्रेसने थिवी स्थानकापर्यंत पिशवी मांडीवर ठेवून आणले. कॅबिनेट आणि एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) मात्र म्हापशाहून घेतले, कारण काचेचे दार असलेले कॅबिनेट रेल्वेतून आणण्याचे धाडस झाले नाही, आणि एसएमपीएस बिघडल्यास ज्याच्या काउंटरवर नेऊन ठेवता येईल असा माणूस जवळ असावा असे वाटले. ग्राफिक्स कार्डावर मुंबईत सुमारे दोन हजार वाचले. ते अजून बिघडलेले नाही म्हणून हा सौदा फायद्याचा ठरला. वॉरंटीसाठी पार्सल बाहेर पाठवून तीन आठवडे वाट पाहावी लागली असती, तर कदाचित मी येथे वेगळे लिहिले असते.

ग्राफिक्स कार्ड रेडिऑन आरएक्स ६६०० घेतले आणि त्यावर २०,८०० रुपये, म्हणजे एकूण रकमेच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक, खर्च केले. ८ जीबी मेमरी आणि १३२ वॉट विजेची गरज असलेले हे कार्ड १०८० पी (फुल एचडी) मॉनिटरसाठी पुरेसे आहे. ८ जीबीचे आरटीएक्स ३०५० त्या दिवशी मला याहून दीड हजाराने महाग सांगितले गेले, आणि साध्या चित्रणात ते या कार्डाच्या स्पष्टपणे मागे पडते. त्याच्या बाजूने डीएलएसएस (लहान चित्र काढून ते मोठे करण्याचे तंत्र) आणि अधिक चांगला व्हिडिओ एन्कोडर हे दोन मुद्दे निश्चित आहेत. खेळ चालू असताना थेट प्रक्षेपण करणाऱ्याने त्यांचा विचार जरूर करावा, पण मी प्रक्षेपण करत नाही. स्वस्तात मिळणाऱ्या आरएक्स ६५०० एक्सटीचा मोहही झाला होता. मात्र त्या कार्डाला पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे मदरबोर्डाशी जोडणाऱ्या मार्गाच्या, केवळ चारच लेन आहेत आणि बहुतेक आवृत्त्यांत मेमरी अवघी ४ जीबी आहे. जुन्या पिढीच्या मदरबोर्डावर ते अधिकच अडखळते, त्यामुळे पाच-सहा हजार वाचवून रोज पस्तावणे मला परवडले नसते.

प्रत्यक्ष खेळात व्हॅलोरंट दोनशेच्या वर आणि काउंटर-स्ट्राइक २ मध्यम मांडणीवर (सेटिंगवर) दीडशेच्या वर फ्रेम देते. सायबरपंक २०७७ हाय मांडणीवर, शहराच्या गर्दीतही, साठच्या आसपास राहते. परंतु रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांच्या हिशेबाने सावल्या आणि प्रतिबिंबे काढणे) मध्यम ठेवले तरी तिशी गाठणे कठीण होते, म्हणून ते कायमचे बंद आहे आणि त्याची मला खंत नाही. एल्डन रिंगला मुळातच ६० फ्रेमची मर्यादा असल्याने तेथे याहून महागडे कार्ड असूनही अधिक काही मिळाले नसते.

प्रोसेसर रायझन ५ ५६०० आहे: सहा कोर, बारा थ्रेड, १२,४०० रुपये. दुकानदाराने "बाब, ५६००जी घ्या, त्यात ग्राफिक्स फुकट येते" असे आपुलकीने सुचवले होते. ज्याला सध्या कार्ड घ्यायचेच नाही त्याच्यासाठी तो सल्ला योग्य आहे. वेगळे कार्ड घेणाऱ्यासाठी मात्र तो तोट्याचा ठरतो, कारण ५६००जी मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आहे, आणि खेळांत हा फरक जाणवतो. शिवाय तो पीसीआय एक्सप्रेसची तिसरीच पिढी देतो. साध्या ५६०० मध्ये ग्राफिक्स अजिबात नसते, हे मला तोंडपाठ असूनही, नरकचतुर्दशीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री बाहेर पोरे पुतळ्यात गवत भरत असताना मी आत मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या तोंडात खुपसून अर्धा तास काळ्या पडद्याकडे पाहत बसलो होतो. मदरबोर्ड बी५५० चिपसेटचा, ९,२०० रुपयांचा. याच्याऐवजी बी४५० घेऊन दीड-दोन हजार वाचवता आले असते, आणि आज विचारले तर मी तेच सांगेन. हे कार्ड आठ लेन वापरते आणि तिसऱ्या पिढीच्या मार्गावर त्याचे नुकसान किरकोळ असते. अट एवढीच, की बी४५० बोर्डाचे बायोस (संगणक सुरू करणारी बोर्डावरची प्रणाली) या प्रोसेसरला ओळखण्याइतके नवे असल्याची खात्री दुकानातच करून घ्यावी.

रॅमच्या बाबतीत चूक सर्वस्वी माझी होती. ८ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर४ ३२००, अशी रीतसर निवड करून मी त्या शेजारशेजारच्या खाचांत बसवल्या. संगणकाने १६ जीबी दाखवली, खेळ सुरू झाले, मी निश्चिंत झालो. तीन महिन्यांनी, काउंटर-स्ट्राइकमध्ये धूर पसरला की चित्र क्षणभर अडखळते याचे कारण शोधताना, टास्क मॅनेजरमध्ये रॅमच्या वेगापुढे २४०० हा आकडा दिसला. म्हणजे बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम छापील वेगाने चालवण्याची सोय) चालू न केल्यामुळे पट्ट्या त्या वेगाने धावत नव्हत्या, आणि शेजारशेजारच्या खाचांमुळे दोन्ही एकाच चॅनेलवर, म्हणजे एकाच वाटेवरही होत्या. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत त्या हलवल्या, सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये एक्सएमपी निवडले, आणि पंधरा मिनिटांत संगणक जाणवण्याइतका बदलला. सरासरी फ्रेम थोड्याच वाढल्या, पण ते अडखळणे जवळजवळ गेले. ३,५०० रुपयांच्या वस्तूचा निम्मा उपयोग मी तीन महिने केलाच नव्हता.

आता ज्या भागाविषयी सर्वांत अधिक लिहायचे आहे त्याकडे वळतो. एसएमपीएस निवडताना बहुतेक जण वॉट पाहतात. या संगणकाला खेळतानाही भिंतीतून अडीचशे वॉटच्या आसपासच वीज लागते, त्यामुळे ५५० वॉट भरपूर झाले. म्हापशाच्या दुकानदाराने मात्र वॉटच्या वर छापलेली बारीक ओळ वाचायला सांगितली, आणि त्याबद्दल मी त्याचा कायमचा ऋणी आहे. अडीच हजारांच्या एसएमपीएसवर इनपुट २०० ते २४० व्होल्ट असे लिहिले होते, आणि ४,६०० रुपयांच्या, ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचे) प्रमाणपत्र असलेल्या एसएमपीएसवर १०० ते २४० व्होल्ट. त्या वेळी मी केवळ त्याच्या आग्रहाखातर महागडा घेतला. मे महिन्यात, संध्याकाळी सगळ्या वाड्यातील पंप आणि एसी एकदम सुरू झाले की दिवे पिवळे पडू लागले, तेव्हा कुतूहलाने मल्टिमीटर लावून पाहिला तर १८७ व्होल्ट भरले. त्या क्षणी सायबरपंक चालू होता आणि संगणकाला त्याची गंधवार्ताही नव्हती. स्वस्त एसएमपीएस त्या दिवशी बंदच पडला असता असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही; पण छापील मर्यादेखाली तो रोज दोन तास चालवणे मला मान्य झाले नसते.

वीज कमी येण्याचा प्रश्न असा सुटला, पण वीज जाण्याचा सुटला नव्हता. घरात इन्व्हर्टर आहे, मग वेगळा यूपीएस कशाला, असा माझा हिशेब होता. जूनच्या पहिल्या वादळी रात्री तो हिशेब कोलमडला. वीज गेली, पंखा क्षणभर मंदावून पुन्हा फिरू लागला, आणि संगणक मात्र बंद होऊन नव्याने सुरू झाला. एसएमपीएस विजेशिवाय साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. साध्या मोडवरील इन्व्हर्टरला भार उचलायला त्याहून बराच वेळ लागतो, आणि पंख्याला जे कळत नाही ते संगणकाला कळते. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर टाकून पाहिला, तेव्हा संगणक बंद पडला नाही, पण जुन्या इन्व्हर्टरच्या चौकोनी तरंगावर एसएमपीएस भुंग्यासारखा घुंइं करू लागला. त्या रात्री तासाभरात चार वेळा वीज गेली आणि धाकट्या भावाने संकलनासाठी उघडून ठेवलेल्या व्हिडिओची फाइल कायमची बिघडली. दुसऱ्याच आठवड्यात ६,८०० रुपयांचा, ६०० वॉट भार पेलणारा यूपीएस आणला. शुद्ध साइन तरंगाचा (भिंतीतल्या विजेसारख्या) यूपीएस याच्या दुपटीहून महाग होता. म्हणून संगणक दुकानात नेऊन साध्याच यूपीएसला जोडला, यूपीएसचा प्लग काढून पाहिला आणि संगणक टिकला तेव्हाच पैसे दिले. सक्रिय पीएफसी (वीज सम प्रमाणात ओढणारी सोय) असलेल्या प्रत्येक एसएमपीएसचे साध्या यूपीएसशी जमतेच असे नाही, त्यामुळे ही चाचणी टाळू नये. दहा-बारा मिनिटे मिळतात. खेळ पुरा होत नाही, पण काम जतन करून संगणक नीट बंद करता येतो.

तिसरी गोष्ट अर्थिंगची. मार्च-एप्रिलपासून कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला मनगट लागले की झिणझिण्या येत. मला आधी वाटले एसएमपीएस गेला, आणि मी वॉरंटीचे कागद शोधू लागलो. वायरमनने येऊन आधी सॉकेट तपासले आणि मग परसातील अर्थिंगच्या खड्ड्याकडे बोट दाखवले. एसएमपीएसच्या आतील फिल्टरमधून अगदी थोडा प्रवाह नेहमीच कॅबिनेटच्या पत्र्यात येत असतो आणि अर्थिंगच्या तारेवाटे जमिनीत जातो. ती वाट बंद असेल तर तो पत्र्यावरच राहतो आणि हात लावणाऱ्याला जाणवतो. आमच्याकडची चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि जुना खड्डा वर्षानुवर्षे कोणी पाहिलेला नव्हता. खड्डा उकरून कोळसा आणि मीठ नव्याने भरले, तार बदलली, बादलीभर पाणी ओतले, आणि झिणझिण्या थांबल्या. खर्च १,५०० रुपये. संगणकाच्या कोणत्याही यादीत हा भाग मी कधी पाहिला नाही.

उकाड्याबद्दल थोडक्यात. प्रोसेसरसोबत मिळणारा कूलर थंडीत ठीक होता. एप्रिलमध्ये, खोलीत ३३ अंश असताना, प्रोसेसर ८४ पर्यंत चढू लागला. त्याची मर्यादा ९० आहे, म्हणजे धोका नव्हता, पण पंख्याचा आवाज हेडफोनमधूनही ऐकू येई. १,९०० रुपयांचा टॉवर कूलर लावल्यावर तापमान सत्तरीच्या आत आले. कॅबिनेट पुढून जाळीचे घेतले याचे समाधान आहे. पुढे काच आणि आत रंगीत दिवे असलेले कॅबिनेट दिसायला देखणे होते, पण त्याला हवा घ्यायला जागाच नव्हती. जाळीची किंमत म्हणून दर पंधरा दिवसांनी फिल्टर धुवावा लागतो, कारण रस्त्यावरची लाल धूळ त्यावर गेरूसारखी बसते. कॅबिनेटबरोबर आलेल्या मागच्या पंख्याने सातव्या महिन्यात खरखर सुरू केली. एका पंख्यासाठी पूर्ण कॅबिनेट परत पाठवण्यात अर्थ नसल्याने ६०० रुपयांत नवा लावला.

पावसाळ्याच्या दमटपणाची जी भीती होती, ती मात्र बरीचशी निराधार निघाली. रोज तास-दोन तास चालणारा संगणक आतून उबदार राहतो आणि उबदार वस्तूवर दव धरत नाही. मागच्या बाजूच्या रिकाम्या खाचांच्या पट्ट्या आणि चार स्क्रू गंजले, एवढेच. गणेशचतुर्थीला (चवथीला) आठ दिवस गावी गेलो तेव्हा मात्र घरी परतल्यावर संगणक लगेच सुरू न करता खोलीत पंखा लावून दोन तास थांबलो. याची गरज होती की नाही कोण जाणे, पण त्यात काही गेले नाही.

साठवणुकीची एसएसडी १ टीबीची, एनव्हीएमई या वेगवान प्रकारची, ४,३०० रुपयांची आहे, आणि तिच्याविषयी तक्रार नाही. मोठी फाइल हलवताना मध्येच वेग उतरतो, पण खेळ उघडण्यात त्याचा फरक पडत नाही. ५०० जीबीची घेतली नाही हे बरेच झाले, कारण आज खेळांची संख्या सहाच असूनही निम्म्याहून अधिक जागा भरलेली आहे.

भाग बसवून झाल्यानंतरचा खर्च, म्हणजे कूलर, पंखा, यूपीएस आणि अर्थिंग, १०,८०० रुपये झाला. आज तेवढ्याच रकमेत पुन्हा जुळवायचा झाल्यास मी बी४५० मदरबोर्ड घेऊन वाचलेले पैसे पहिल्याच दिवशी यूपीएसकडे वळवीन. प्रोसेसर, कार्ड आणि एसएमपीएस आहेत तेच ठेवीन. अलीकडच्या एक-दोन खेळांत टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांचा तपशील) सर्वांत वर ठेवले की कार्डाची ८ जीबी मेमरी भरल्याचे दिसू लागले आहे, त्यामुळे दोनेक वर्षांत कार्ड बदलावे लागेल असा अंदाज आहे. त्यासाठी एसएमपीएसची दुसरी आठ पिनांची जोडणी मी कॅबिनेटच्या तळाशी प्लास्टिकच्या पट्टीने बांधून तयार ठेवली आहे.