‘आजीवन सेवे’ची मरून फाइल

मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. सातवी-आठवीच्या मुलांकडून सरळव्याज घोटून घेतलं. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचताना ‘एवढं कसं कळलं नाही हिला’ असं तुमच्या मनात येणारच आहे. माझ्याही येतं. रोज पहाटे चारला, यांची कूस बदलायला उठते तेव्हा.

२०२१ च्या कोजागिरीला आमच्या डोंबिवलीतल्या ज्येष्ठ नागरिक संघात एक व्याख्यान झालं. विषय होता म्हातारपणाचं नियोजन. मसाला दूध वक्त्यातर्फेच होतं. चाळिशीचा माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, स्वच्छ मराठी, प्रत्येकाला वाकून नमस्कार. मुलाच्या नावावर फ्लॅट करून देऊन रस्त्यावर आलेल्या एका जोडप्याची गोष्ट त्याने सांगितली, आणि हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. शेवटी म्हणाला, “मुलांवर ओझं होऊ नका.” हे वाक्य कानावर पडलं की आमच्या पिढीचा हात आपोआप पाकिटाकडे जातो. त्याला ते ठाऊक होतं.

ती गोष्ट खोटी असेल असं मला वाटत नाही, असं घडतं. पण त्याने ती अर्धीच सांगितली. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडून ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. सांभाळाची अट कागदावर आली तर बरं, एवढंच. हा उपाय त्याने सांगितला असता तर त्याच्याकडे कोण गेलं असतं?

आठवड्याने तो घरी आला. मी थालीपीठ केलं, त्याने दोन खाल्ली आणि “काकू, आईची आठवण झाली” म्हणाला. मग योजना मांडली. कागदपत्रांचे ४५,००० रुपये. त्यात इच्छापत्र, मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) आणि सगळ्या ठेवींची तपासणी. वर ४ लाख रुपये ‘काळजी ठेव’. तिच्यावर १२ टक्के परतावा, पण रोख नाही, सेवेच्या रूपात: आमच्यापैकी कोणी अंथरुणाला खिळलं की चोवीस तास माणूस, तोही शेवटपर्यंत. मुद्दल आमच्या पश्चात लेकीला परत.

हे सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, टेंडरं वाचून डोळे पिकलेले. म्हणाले, “एकदा ओळखीच्या वकिलांना दाखवू या का?” त्यावर तो हसून म्हणाला, “काका, वकील भांडण झाल्यावर लागतो. आपण भांडण होऊच द्यायचं नाही.” मला ते पटलं. यांना नाही पटलं, पण माझ्यासाठी गप्प बसले. लेक बंगळुरूला. तिला आम्ही सांगितलंच नाही, कारण ‘ओझं व्हायचं नाही’ यासाठीच तर हे सगळं चाललं होतं.

पंधरा दिवसांत फाइल आली. जाड रेक्झिनची, वर सोनेरी अक्षरांत यांचं नाव. रंग मरून. त्या शब्दातला विनोद तेव्हा सुचला नाही.

पहिलं दीड वर्ष मात्र त्याने चोख सांभाळलं. संक्रांतीला तिळगूळ, दिवाळीला कॅलेंडर, महिन्यातून एकदा मुलगी पाठवून दोघांचं बीपी. संघातल्या आणखी तेरा जणांनी पैसे भरले, त्यातले चार माझ्या शब्दावर. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहायला हवं.

ऑगस्ट २०२३ मध्ये यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बावीस दिवसांनी घरी आणलं तेव्हा नाकात नळी, खाली एअर बेड. योजनेतला माणूस खरंच आला. अकरा दिवस. बाराव्या दिवशी आला नाही. फोन केला तर “सिस्टिम अपडेट होतेय काकू”, मग “उद्या नक्की”, मग फोन बंद. ठाण्याच्या त्याच्या ऑफिसात जावई जाऊन आले. तिथे दहावीच्या क्लासचा बोर्ड होता.

त्या रात्री मी यांच्या उशाशी बसून वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. चार लाखांवर १२ टक्के म्हणजे वर्षाला ४८,०००, महिन्याला ४,०००. आजाऱ्यासाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोचा चोवीस तासांचा माणूस आमच्याकडे दिवसाला हजार रुपये घेतो. म्हणजे तो गृहस्थ अगदी हरिश्चंद्राचा अवतार असता, तरी त्या ठेवीतून महिन्याला चार दिवसांचा माणूस मिळाला असता. तीस दिवसांचा कधीच नाही. एका ओळीचं उदाहरण. सातवीतल्या मुलाने सोडवलं असतं. मी ते मांडलंच नाही, कारण समोरचा माणूस मला काकू म्हणत होता.

पैसे गेले याचं दुःख आहेच. पण त्याहून मोठा खड्डा पुढे होता, आणि तो कागदांचा होता.

घरी माणूस, फिजिओ, डायपर, नळी बदलायला येणारी नर्स असा महिन्याचा खर्च पन्नास हजारांवर गेला. पेन्शन त्याच्या खाली. मेडिक्लेमने रुग्णालयाचं बिल भरलं, घरातली आया त्यात बसत नाही. बदलापूरला यांच्या एकट्याच्या नावावर एक छोटा फ्लॅट होता, अडीअडचणीसाठीच घेतलेला. तो विकायचं ठरवलं. माझ्याकडे मुखत्यारपत्र होतंच की! फाइलमधलं तिसरं पान, त्यावर ठळक अक्षरांत: ‘मी अक्षम झाल्यावरही हे मुखत्यारपत्र अमलात राहील.’

दुय्यम निबंधक कार्यालयातल्या माणसाने कागद उलटसुलट पाहिला आणि परत केला. “मॅडम, हे नुसतं नोटरी केलेलं आहे. याच्यावर विक्रीचा दस्त होत नाही.” मग गेले त्या वकिलांकडे, ज्यांना आधीच दाखवायचं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “वहिनी, हे नोंदवलेलं असतं तरी उपयोग नव्हता. मुखत्यार म्हणजे मालकाचा लांब केलेला हात. मालकाला कळतंय तोवर हात चालतो.” १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, अधिकार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते. इंग्लंड-अमेरिकेत आजारपणानंतरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे तशी सोय नाही. ते ठळक वाक्य बहुधा कुठल्या तरी परदेशी नमुन्यावरून उचललेलं. म्हणजे ज्या दिवसासाठी आम्ही तो कागद विकत घेतला, नेमक्या त्याच दिवशी तो मेला होता. पाय मोडला, दृष्टी अधू झाली, पण डोकं शाबूत आहे, तर नोंदणीकृत मुखत्यारपत्र फार कामाचं. डोकंच गेलं तर नाही.

इच्छापत्राचीही तीच गत. त्यावर साक्षीदार एकच, कायद्याला दोन लागतात. पण ते बिनचूक असतं तरी काय? इच्छापत्र माणूस गेल्यावर बोलतं. आमचा माणूस समोर खाटेवर होता, माझ्याकडे बघत होता.

बँकेत तिसरा धक्का. नऊ लाखांची मुदत ठेव पूर्वी दोघांच्या नावावर होती. नूतनीकरणाच्या वेळी या सल्लागाराने ‘टॅक्सचा घोळ नको’ म्हणून ती यांच्या एकट्याच्या नावावर करायला लावली. “काकू नॉमिनी आहेत ना, झालं तर.” नॉमिनीला पैसे मिळतात ते खातेदार गेल्यावर. तो जिवंत असताना नॉमिनी म्हणजे कोणी नाही. एवढी साधी गोष्ट मला पासष्टी उलटल्यावर, काउंटरसमोर उभं राहून कळली. बँकेतली मुलगी मात्र भली निघाली. आजारी खातेदाराच्या पैसे काढायच्या स्लिपवर दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेता येतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी लागतो, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती अधिकाऱ्यांना घेऊन घरी आली. यांनी डाव्या हाताचा अंगठा दिला आणि पेन्शनचे पैसे निघायला लागले. ठेव मात्र अडकली ती अडकलीच.

शेवटी मुंबई उच्च न्यायालय. शुद्ध हरपलेल्या किंवा समज गेलेल्या प्रौढ माणसाच्या मालमत्तेसाठी पालक नेमायची सरळ तरतूद कुठल्याच कायद्यात नीट बसत नाही, म्हणून उच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालचे अधिकार वापरून तो नेमतं. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या मंडळाने यांना तपासलं. अँब्युलन्सने न्यायचं, आणायचं. लेकीचं संमतीचं प्रतिज्ञापत्र. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईने नवऱ्याच्या पैशातून नवऱ्याचे डायपर आणायला न्यायालयाची परवानगी घ्यायची. नऊ महिने गेले. आता मी यांची ‘पालक’ आहे, आणि दर काही महिन्यांनी विधी सेवा प्राधिकरणाला हिशेब देते. तो जाच वाटत नाही, उलट बरंच वाटतं. असा हिशेब त्या सल्लागाराकडे कोणी मागितला असता तर!

हे सगळं टळलं असतं का? बरंचसं. ठेव ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ अशी दोघांच्या नावावर राहिली असती तर मी सही करून पैसे काढले असते. बदलापूरचा फ्लॅट, हे धडधाकट असताना, बक्षीसपत्राने माझ्या नावावर करता आला असता. पती-पत्नी, मुलं, नातवंडांना निवासी घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च. अर्थात सगळंच एकाच्या नावावर करून मोकळं होणंही धोक्याचं. पण एक जण पडला तर दुसऱ्याची सही पुरते का, हे प्रत्येक खात्यापुढे आणि प्रत्येक दस्तापुढे पेन्सिलीने लिहून काढायला आम्हाला एक दुपार पुरली असती. माझ्या बाजूचं मी आता तसं केलं आहे. लेकीचं नाव प्रत्येक ठेवीवर आहे, आणि मुख्य म्हणजे तिला माहीत आहे.

तक्रार पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे दिली आहे. महाराष्ट्राचा ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, ज्याला पोलीस ‘एमपीआयडी’ म्हणतात. त्यात पैसे रोख परत करायचे नसून सेवेच्या रूपात फेडायचे असले तरी ती ‘ठेव’च धरतात. म्हणून पावतीवरचा शब्द पाहा. माझ्या पावतीवर ‘काळजी ठेव’ आहे. माझ्यानंतर भरलेल्यांच्या पावत्यांवर त्याने ‘सेवा शुल्क, विनापरतावा’ छापून घेतलं होतं. तो शिकत गेला होता. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा आहे: मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं, त्यामुळे ‘देईल, देईल’ म्हणत बसू नका.

आम्ही चौदा जण होतो. तक्रारीवर सह्या पाचांच्याच आहेत. बाकीच्यांना मी फोन केले. एकांना वाटतं तो परत येईल. दोघांचं म्हणणं, या वयात पोलिसांच्या पायऱ्या नकोत. माझ्या शब्दावर पैसे भरलेल्यांपैकी एक बाई गेल्या गुरुवारी येऊन गेल्या. यांच्या पायाशी खुर्ची ओढून बराच वेळ बसल्या. जाताना पर्समधून घडी घातलेली पावती काढून माझ्या हातात दिली. सही करायची नाही म्हणाल्या, फक्त ही तुमच्याकडे ठेवा, घरात मुलाच्या हाताला लागायला नको.