स्टॅबिलायझर बदलून आठ महिने: हेराल्डचे काटे आता खरं बोलतात (बहुतेक)

गाडी स्टँडर्ड हेराल्ड, मद्रासची, १९६९ची. रंगकाम करून आणल्यापासून टेंपरेचरचा काटा एचला (म्हणजे हॉटला) भिडायला लागला. नाशिकच्या द्वारका सर्कलच्या गर्दीत गाडीपेक्षा माझंच डोकं तापायचं. थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर उघडून साफ करून घेतला. सगळे पैसे पाण्यात. मग एका रविवारी विल्होळीजवळ पेट्रोल संपून गाडी उभी राहिली, आणि काटा पाव टाकी दाखवतोय! बाबांनी काचेवर टिचकी मारली. काटा ढिम्म.

तेव्हा ट्यूब पेटली. एकच काटा चुकत असेल तर त्याचं सेंडर, म्हणजे टाकीत किंवा इंजिनावर बसून माप पाठवणारा भाग, बघावं. दोन्ही एकदम वर चढून बसले असतील तर दोघांना मिळून जी वीज येते ती बघावी. माझ्या गाडीत स्पीडोमीटरच्या मागे काडेपेटीहून लहान पत्र्याची डबी आहे, तोच स्टॅबिलायझर, काट्यांना जाणारं व्होल्टेज स्थिर ठेवणारा. आत दोन धातूंची पट्टी आणि तिच्याभोवती तार. तार तापली की पट्टी वाकते, संपर्क तुटतो. गार झाली की पुन्हा जुळतो. या उघडझापीतून बॅटरीच्या १२ व्होल्टचे सरासरी १० होतात. डबीचं अर्थिंग गेलं की तार तापतच नाही, पूर्ण व्होल्टेज गेजला जातं आणि काटे फुगवून सांगतात.

काट्याचा जुना मल्टिमीटर लावला. तो सतत हलायला हवा होता, इथे १२.६वर गप्प. रंगाऱ्याने डॅश काढून परत बसवताना अर्थिंगचा स्क्रू ढिलाच ठेवला होता. घासून, आवळून बसवला. पंधरा दिवस सगळं छान, मग डबीतले संपर्कच चिकटले. पन्नास वर्षं चालली, तिला काय बोलणार!

नवीन डबीऐवजी त्याच पत्र्यात ७८१० आयसी, म्हणजे स्थिर १० व्होल्ट देणारी चिप, सोल्डर केली. फार हुशारी केली असं वाटलं, पण ती दिवाळीपर्यंतच टिकली. या आयसीला आउटपुटपेक्षा साधारण २ व्होल्ट जास्त लागतात. माझ्या गाडीला डायनॅमो, इंजिन मंद असताना तो फारशी वीज देत नाही. सिग्नलला उभं राहून हेडलाइट लावले की बॅटरी बाराच्या खाली, आणि दोन्ही काटे हळूच उतरायचे. म्हणजे आता उलटं खोटं! शेवटी कमी फरकावर चालणारी एलएम २९४० बसवली, १० व्होल्टवाली. तिला आउटपुटवर २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतोच, तो विसरू नका. आणि हे सगळं निगेटिव्ह अर्थ गाडीसाठी, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या. जुन्या पॉझिटिव्ह अर्थ गाडीत असंच जोडलंत तर चालणार नाही.

तेव्हापासून कसारा घाट चारदा चढलो. वर आल्यावर थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर ८६ अंश, काटा मध्याच्या किंचित वर. पेट्रोलचा काटा अजूनही चावी फिरवल्यावर सावकाश चढतो. गेजच तापून हलणारं आहे, आयसीचा दोष नाही. टाकीत तरंगणाऱ्या फ्लोटची दांडी मात्र जरा वाकडी असावी. काटा ईवर (एम्प्टी) आला तरी टाकीत चारेक लिटर असतं. ते मी मुद्दाम तसंच ठेवलंय.

बाबा अजूनही निघण्यापूर्वी काचेवर टिचकी मारतात.